नऊ मुके फोन

रूपेश : मावशी, आवाज खाली घ्या. हे दुकान आहे, मच्छी मार्केट नाही.

जमना : मार्केट असतं तर बरं झालं असतं. तिथे बांगडा मऊ निघाला तर गिऱ्हाईक माझ्या तोंडावर आणून टाकते नि मी मुकाट दुसरा देते. मी तिला सांगते काय, बाय, तो तू पाण्यात बुडवलास म्हणून सडला?

रूपेश : बांगडा आणि मोबाइल एक नाही.

जमना : नायच. बांगडा मेलेला असतो म्हणून गप्प असतो. तुझा फोन जिता असून गप्प.

रूपेश : किती वेळा सांगू? बोईसरच्या सर्व्हिस सेंटरने लेखी दिलंय. ‘लिक्विड डॅमेज.’ म्हणजे आत पाणी गेलंय. पाणी गेलं की वॉरंटी संपली. त्यात मी काय करणार? मी फोन बनवतो का?

जमना : मी मासे बनवते काय? मासे दर्यात होतात. पण विकते मी, म्हणून शिव्या मी खाते. फोन तू विकलास, तू खा.

चारुता : रूपेशदादा, यांना पाणी देऊ का? उन्हातून आल्यात.

जमना : नको बाय. ह्याच्या दुकानात पाण्याचं नाव काढलं तरी वॉरंटी जाते.

चारुता : बसा तरी.

जमना : बसायला नाय आले. तू ती हप्तेवाली ना गो? आमी नऊजणी फोन घ्यायला आलो तवा ह्याच कोपऱ्यात बसलेलीस. आमचे फोटो तूच काढलेस, मशीनवर बोटं तूच टेकवून घेतलीस.

चारुता : हो. फायनान्सचं मी बघते. चारुता माझं नाव.

जमना : माहीत हाय. शिरगावच्या कृष्णकांतभाऊंची नात. तुझ्या आजीला, माईंना मासळी मीच घालते. माईंनी कधी मला दारातून परत नाय धाडलं, नि तुझे लोक मला रोज फोन करून धमकावतात.

चारुता : ते फोन आमच्या इथून नाही जात, मावशी. वसुलीवाले वेगळे असतात. कुठून कुठून करतात.

जमना : कुठूनबी करू दे मेला. ‘मॅडम, किस्त क्यूं नहीं भरी?’ मी सांगते, अरे बाबा, फोन खराब हाय, बदलून द्या, मग भरते. त्याला माझा एक शब्द जात नाय. तो म्हणतो, ‘मॅडम, चुप रहने से कुछ नहीं होगा.’ चुप! मी! इथे माझा गळा बसला ओरडून, नि तिकडे त्याने लिहून ठेवलं असेल, बाई मुजोर हाय, फोन उचलते नि बोलत नाय. उभ्या जन्मात मला कोणी गप्प म्हटलं नव्हतं.

रूपेश : ते मात्र खरं.

जमना : हसू नको रूपेश. हसलास ना, तर तुझ्या ह्या काचेचं काय होईल मला सांगता येत नाय.

रूपेश : हसलो नाही. पण मावशी, हप्ता थांबवलात ती चूक तुमचीच. फोन लॉक झाला. आता माझ्याकडे रडून उपयोग काय?

जमना : रडतंय कोण? उघडला की नुसतं ‘हप्ता भरा, हप्ता भरा’. बाकी सगळं बंद. आलेला फोन तेवढा घेता येतो. घेऊन करू काय? ऐकत बसायचं. स्पीकरवर टाका, कानाला लावा, आपला आवाज म्हणून जात नाय.

चारुता : मावशी, रागावू नका, पण हप्ता भरायला हवा होता. कर्जाचा करार वेगळा असतो नि फोनची वॉरंटी वेगळी. फोन चालो न चालो, हप्ता चालूच राहतो.

जमना : म्हणजे हप्ता बोलका नि फोन मुका. वा गो वा. हे बोटं टेकवताना का नाय सांगितलंस?

चारुता : ...

जमना : बघ. आता तूबी मुकी.

गिऱ्हाईक : भैया, वो पोस्टरवाला मॉडल दिखाना. किस्त पे मिलेगा ना?

रूपेश : हां हां, आओ. बेस्ट सेलर है. कहां काम करते हो?

गिऱ्हाईक : बोईसर, एमआयडीसी में.

जमना : ए भय्या. वो मत ले.

रूपेश : मावशी!

जमना : वो गूंगा है. बाहर का सुनाता है, तुम्हारा कुछ नहीं सुनाता. गांव में मां को फोन करेगा, मां को लगेगा बेटा मर गया.

गिऱ्हाईक : अरे बाप रे. भैया, मैं बाद में आता हूं.

रूपेश : अरे रुको... गेला. मावशी, हे बरोबर नाही. धंद्यावर पाय देताय तुम्ही.

जमना : माझ्या नवऱ्याच्या हातावर बोट चढली तवा तुझा पाय कुठे होता?

चारुता : कुणाच्या हातावर?

जमना : ह्याला विचार. ह्याला मी सगळं सांगितलंय. ह्याने ऐकताना दोन गिऱ्हाइकांना चार्जर विकले.

रूपेश : मला वाईट वाटलं, मी तसं म्हटलंही. पण त्याचा फोनशी काय संबंध?

जमना : तू सांग गो चारुता संबंध. आमच्या खाडीच्या तोंडाला वाळू सरकते. कुठे सरकली ते जमिनीवरच्या माणसाला आधी दिसतं. बोट जवळ आली, रेंज मिळाली की जानू मला फोन करतो. मी धक्क्यावर उभी राहून बघते नि सांगते, ये नायतर थांब. लग्न झाल्यापासून हेच. आधी बावटा दाखवायचे, आता फोन. त्या दिवशी आमच्याच बंदरातल्या भाग्येशची बोट तोंडातच रुतलेली. ओहोटी लागलेली. जानूचा फोन आला, ‘जमने, येऊ काय?’ आज तरी आवाज जाईल म्हणून मी ओरडते, येऊ नको, थांब, बाहेरच थांब. तो म्हणतो, ‘जमने, बोल ना.’ मी बोलतेच हाय! धक्क्यावरची सगळी माणसं माझ्याकडे बघतायत. तो आपला, ‘बरं, काय बोलत नाय म्हणजे सगळं ठीक असंल, येतो.’ नि आला. वाळूवर चढला. सुकाणू मोडलं, नि ते सांभाळायला गेला तर बोट कलली, मनगट आत सापडलं. प्लास्टर हाय. डॉक्टर म्हणतो, जाळं ओढायचा हात परत तसा होईल काय, सांगता येत नाय.

चारुता : देवा.

जमना : माझ्या डोळ्यांदेखत, बाय. माझ्या हातात फोन, नि माझ्या डोळ्यांदेखत.

रूपेश : मावशी, मी परत सांगतो, वाईट झालं. पण तुम्ही दुसऱ्या कोणाच्या फोनवरून लावायचा होतात.

जमना : आमच्या गटातल्या मेघालीच्या फोनवरून लावला. तोबी मुका. रूपलचा घेतला, तोबी मुका. नि मग धक्क्यावर आमी बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. तवा कळलं, तू काय केलंस ते.

रूपेश : मी काय केलं?

जमना : एकेकीला वेगळं गाठलंस. मेघाली आली, तिला सांगितलंस, ‘काकी, बाकीच्यांचे मस्त चालतायत, तुमच्याच फोनमध्ये पाणी गेलं.’ रूपल आली, तिला तेच. दिशाला तेच. मला तर बाजूला घेऊन बोललास, ‘मावशी, तुम्ही गटाच्या पुढारी, तुमचंच असं झालं हे बाहेर बोलू नका, बरं नाही दिसत.’ आमी मूर्ख. प्रत्येकीला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. फोन मुका हे घरीबी सांगितलं नाय, नवऱ्याची बोलणी खाल्ली नि गप्प बसलो. नि नवऱ्यांना वाटलं, बायको रुसली म्हणून बोलत नाय.

रूपेश : पण पाणी तर गेलंय ना मावशी! मी काय हवेत बोललो? तुमच्या फोनची पट्टी मी तुमच्यासमोर काढून दाखवली. सिमच्या खाचेत बारीक पट्टी असते. कोरडा फोन असेल तर पांढरी, पाणी लागलं की लाल. तुमची लाल. डोळ्यांनी बघितलीत.

जमना : बघितली. लाल हाय.

रूपेश : मग?

जमना : मग काय. पाणी लागलं. खोटं का बोलू?

चारुता : मावशी, फोन पडला होता का पाण्यात?

जमना : पाण्यात नाय गो. पुनवेला.

रूपेश : हां. आता सांगा. सांगा तिला.

जमना : सांगते की. लाज कसली? नारळी पुनवेला आमी गटाच्या बायका एकसारखं लुगडं घेतो. एक रंग, एक काठ. ह्या वर्षी पोरी म्हणाल्या, मावशी, फोनबी एकसारखे घेऊया. मी म्हटलं, रूपेशचं दुकान चांगलं, माझ्या ओळखीचा पोरगा, तिथे चला. सगळ्या माझ्या शब्दावर आल्या. पुनवेला वाजतगाजत दर्यावर गेलो, दर्याला नारळ दिला. मग बोटीची पूजा. बोटीवर जे जे नवीन असतं ते ताटात ठेवतात. वायरलेसचा माईक, जीपीएसचं मशीन, नि आमचे नवे फोन. नारळ वाढवला नि त्याचं पाणी सगळ्यावर शिंपडलं. जानूनेच शिंपडलं. इंजिनावर, जाळ्यावर, फोनवर. त्या पाण्याने मशीन बिघडतं हे कोणाच्या डोक्यात येणार? वायरलेसचा माईक आज किती वर्षं नारळाचं पाणी पितोय. त्याला काय झालं नाय.

रूपेश : झालं ना सिद्ध? स्वतःच्या तोंडाने! नारळाचं पाणी म्हणजे पाणी नाही का? खारट-गोड, त्यात साखर, मीठ. फोनचा बोलायचा माईक गेला, व्हिडिओचा वेगळा असतो. चारुता, ऐकलंस ना? मी कुठे खोटा?

चारुता : मावशी, पूजेच्या आधी फोन बोलत होता का?

जमना : तेच! तेच मी रात्रंदिवस आठवत बसले. पूजेच्या आधी आमी कोणाला फोन केलाच नाय. पुनवेच्या आधी बोटी जातात कुठे? नवरे घरात, पोरं घरात, फोन करायचा कोणाला? फोटो काढले, नाचाचे व्हिडिओ काढले. व्हिडिओत आवाज येतो, साफ येतो. फोन करायची वेळ आली ती बोटी बाहेर पडल्यावर. म्हणून आमाला वाटलं, पूजेतच बिघडले. मीच बायकांना म्हटलं, दोष आपला हाय, दुकानवाल्याला बोल लावू नका. मी म्हटलं हे. माझ्या तोंडाने.

रूपेश : योग्यच बोललात. आता शांतपणे घरी जा. मी तुम्हाला एक साधा बटणवाला...

जमना : थांब रं. माझं संपलं नाय. हा कोणाचा फोन, बघ.

रूपेश : तुमच्याच लॉटमधला.

जमना : रुचिताचा. आमची नववी. तिचा हप्ता भरलेला हाय, लॉक नाय. घे तुझा फोन नि हिला लाव.

रूपेश : कशाला पण?

जमना : लाव म्हणते ना.

चारुता : मी लावते. रिंग जातेय. घ्या मावशी.

जमना : हॅलो. हॅलो! रूपेशच्या दुकानातून जमना बोलते. ऐकू येतंय काय गो? हॅलो!

चारुता : इथे नुसती शांतता. काहीच नाही येत. तुमचा आवाज मला समोरून ऐकू येतोय, फोनमधून नाही.

रूपेश : हाही पूजेत भिजला, दुसरं काय?

जमना : रुचिताचा सासरा पुनवेच्या आधी वारला. तिच्या घरी सुतक. सुतकात कोण दर्याला नारळ देतं? कोण पूजेला येतं? तिने नवं लुगडंबी नेसलं नाय, घराच्या बाहेर पाय टाकला नाय. फोन खोक्यात, खोकं कपाटात. नारळाचा एक थेंब ह्याला शिवलेला नाय. तरी मुका. आता बोल.

रूपेश : मग घरी कुठेतरी ओला झाला असेल. मच्छीच्या घरात ओल असतेच.

जमना : बरं. पट्टी दाखव.

रूपेश : अशी उठसूट नाही उघडता येत.

जमना : माझी उघडलीस तवा उघडता आली. मला दोषी ठरवायचं होतं तवा टॉर्च लावून दाखवलीस. आता हात का लुळा पडला?

रूपेश : सर्व्हिस सेंटरचा कागद आहे ह्याचाही. त्यात लिहिलंय.

जमना : कागद नको. पट्टी.

चारुता : द्या मावशी इकडे. पिन आहे तुमच्याकडे?

जमना : ही घे, पदराची.

रूपेश : चारुता, तू तुझं काम बघ.

चारुता : एक मिनिट... टॉर्च लावते... पांढरी आहे.

जमना : मोठ्याने सांग.

चारुता : पट्टी पांढरी आहे. स्वच्छ पांढरी. रूपेशदादा, तुम्ही बघा.

रूपेश : मला नाही बघायचं.

जमना : आता कागद वाच. रुचिताचा कागद काय म्हणतो?

चारुता : ‘लिक्विड डॅमेज. वॉरंटी लागू नाही.’ शब्द न् शब्द सगळ्यांसारखाच.

जमना : म्हणजे त्याने उघडलाच नाय. पट्टी न बघता लिहून टाकलं. का रं रूपेश? त्याला कसं कळलं पाणी गेलं? स्वप्न पडलं?

रूपेश : मला काय माहीत? तो टेक्निशियन आहे.

चारुता : तुम्हाला माहीत आहे.

रूपेश : काय?

चारुता : फोन बोईसरला पाठवायची पिशवी तुम्ही भरत होतात तेव्हा मी इथेच होते. तुम्ही त्या पोराला फोन केलात. म्हणालात, ‘बंदरावरच्या बायकांचा लॉट आहे. उघडायच्या भानगडीत पडू नको, नुसता वास घे, कळेल.’ आणि हसलात. मी... मीही हसले होते तेव्हा.

रूपेश : चारुता, तुला कळतंय का तू काय बोलतेयस?

चारुता : कळतंय.

जमना : वास घे. असं म्हणालास?

रूपेश : मावशी, ते आपलं बोलण्यात...

जमना : नाय नाय, बरोबर बोललास. वास येतो. हाताला येतो, लुगड्याला येतो, केसांना येतो, फोनला येतो. सकाळी आंघोळ करून निघते तरी येतो. तुझ्या आईच्या ताटात जातो तवा कोणी नाक नाय धरत. नि आमी नऊजणी ह्या काचेच्या दुकानात रांगेने उभ्या होतो, तवा तू थंडा मागवलास, खुर्च्या मागवल्यास, ‘या मावशी, बसा काकी, आपलंच दुकान’. तवा नाय आला वास? बोटं टेकवून घेतलीत त्या मशीनवर, त्याला नाय आला? विकताना आमी आपल्या. वस्तू सडकी निघाली की आमी मच्छीवाल्या. माझ्या नवऱ्याचा हात त्या वासापायी गेला, रूपेश. कोणी एक स्क्रू फिरवला असता तर कळलं असतं, माल फॅक्टरीतूनच मुका हाय. एक स्क्रू. तेवढाबी आमच्यासाठी फिरवला नाय.

रूपेश : माझंही ऐका आता. ओरडू नका, ऐका. हा लॉट मला वरच्या डीलरने गळ्यात मारला. हे घेतलंस तरच सणाचा चांगला माल मिळेल, म्हणाला. तक्रारी मला पण आल्या, फक्त तुमच्याकडून नाही. मी डीलरला सांगितलं, तो म्हणतो कंपनीशी बोल. कंपनी म्हणते सर्व्हिस सेंटर ठरवेल. सगळे बदलून द्यायचे तर मला दुकान बंद करावं लागेल. मी कुठे जाऊ?

जमना : त्याच्याकडे जा. डीलरकडे. तिथे भांड. तिथे तुझी शेपटी पायात नि आमच्यावर भुंकतोस.

रूपेश : ठीक आहे. ठीक आहे, झालं. चूक झाली. हे बघा, हा नवा पीस. दुसरी कंपनी, ह्याच्यापेक्षा भारी. तुमचं सिम काढतो, ह्यात घालतो. लॉकचं, हप्त्याचं मी चारुताकडून बघून घेतो. रुचितालाही एक देतो. आत्ता, ह्या क्षणी. बोला मावशी ह्यात. माझ्या फोनवर लावलाय. बोला.

जमना : हॅलो.

रूपेश : आला?

जमना : ... हॅलो. मी जमना.

चारुता : साफ येतोय आवाज.

जमना : माझाच हाय. किती दिसांनी.

रूपेश : घेऊन जा. आज तुमचा मुलगा बोट घेऊन निघतोय ना? आल्या आल्या म्हणालात.

जमना : अनुज. बापाच्या जागी. पहिल्यांदा एकटा बोट हाकणार, तांडेल म्हणून. दुपारच्या भरतीला.

रूपेश : मग तर तुम्हाला हा पाहिजेच. खाडीचं तोंड त्याला कोण सांगणार? त्याच्यासाठी घ्या.

जमना : नि मेघाली? रूपल? दिशा? बाकीच्या?

रूपेश : त्यांच्या पट्ट्या लाल आहेत, मावशी. कायद्याने मी बांधील नाही.

जमना : रुचिताचा पाण्याशिवाय मुका हाय. मग त्यांचं मुकेपण पाण्यातून कसं आलं?

रूपेश : ते तुम्ही म्हणता. आणि एक... बाहेर जाऊन एवढंच सांगायचं, की तपासलं, पाणीच गेलेलं होतं, रूपेशने माणुसकी म्हणून दोन बदलून दिले. तुमच्या शब्दावर बायका ऐकतात. तुम्ही म्हणालात की विषय संपला.

जमना : माझ्या शब्दावर.

रूपेश : हो. तुमचा मान आहे तिथे.

जमना : चारुता, ती पिन दे.

चारुता : ही घ्या. मावशी, काय करताय?

जमना : सिम काढते माझं.

रूपेश : अहो, वेड्या आहात काय? चालू फोन हातात आहे!

जमना : एकदा माझ्या शब्दावर त्या तुझ्याकडे आल्या. एकदा माझ्या शब्दावर गप्प बसल्या. तिसऱ्यांदा नाय रं. हा घे तुझा भारी पीस. माझा मुका दे इकडे.

रूपेश : मग मुलाला काय सांगणार? तो खाडीत असताना काय सांगणार?

जमना : ते मी बघीन. तू त्याचं नाव घेऊन मला विकत घेऊ नको.

रूपेश : आता काय, पाट्या घेऊन दुकानासमोर बसणार? मासे विकायला? बसा. मी पोलिसांत जाईन.

जमना : का बसू? मासे मी मार्केटात विकते, माझी जागा हाय तिथे, नगरपालिकेची पावती फाडते. तुझ्या दारात बसून माझी मासळी कशाला बाटवू? चारुता, ते काय असतं गो? टीव्हीवर सांगतात, ग्राहकाचं.

चारुता : हेल्पलाइन. एकोणीसशे पंधराला फोन लावायचा. तिथे तक्रार नोंदवतात, कंपनीला कळवतात. नाही मिटलं तर ग्राहक आयोग. एवढ्या किमतीच्या वस्तूला फी लागत नाही, वकीलही लागत नाही. सगळ्यांचं दुखणं एकच असेल तर परवानगी मागून एकत्र तक्रारही करता येते. आणि तिथे ‘मी फक्त विकतो’ हे चालत नाही. विकणाराही उत्तर देतो.

रूपेश : वर्ष जाईल. दोन वर्षं जातील. तोवर फोन म्युझियममध्ये ठेवा.

जमना : जाऊ दे. आमाला थांबायची सवय हाय. तुला नाय.

चारुता : आणि मावशी, हप्ता मात्र भरा. नाहीतर तिथे तेच पुढे करतील. भरून भांडा.

जमना : भरीन. दातओठ खाऊन भरीन.

रूपेश : चारुता, तुझं टेबल उद्यापासून इथे नको.

चारुता : बरं.

रूपेश : तुझ्या साहेबाला मी आजच फोन करतो.

चारुता : करा. तुमच्या फोनमधून आवाज जातो. मावशी, तिथे कोणी विचारलं, वास घे असं कोण म्हणालं, तर मला बोलवा. मी सांगेन. हसले होते तेही सांगेन.

जमना : माई ओरडतील तुला. चांगली नोकरी घालवलीस म्हणून.

चारुता : ओरडू दे. थांबा, माझ्या फोनवरच तक्रार भरायला घेते. इथेच.

(जमना आपल्या मुक्या फोनमध्ये सिम परत घालते. थोड्या वेळाने तो वाजतो. ती स्पीकरवर टाकते.)

अनुज : आये? मी बोलतो. इंजिन चालू केलंय, निघतोच हाय. बाबा जेवला, झोपलाय. आये, तू बोलत असशील तर बोलू नको, मला काय येत नाय. नुसतं ऐक. तोंडाशी वाळू डाव्या अंगाला सरकलीय, मी मघाशी होडी घेऊन जाऊन बघून आलो. उजवीकडून काढतो. घाबरू नको. परत येताना रुचितावहिनीच्या दिराला धक्क्यावर उभा करीन बावटा घेऊन, जुन्या पद्धतीने. आये... ऐकतेस ना? एक कर. ऐकू आलं असलं तर फोन बंद कर. बंद झाला की मी समजेन.

रूपेश : ... ठेवलात?

जमना : ठेवला.

चारुता : मावशी, माझ्या फोनवरून लावून देऊ का? बोला त्याच्याशी.

जमना : नको. त्याला कळलं. तू लिही, पोरी. पहिलं नाव रुचिताचं.